एकाच तोंडातले दोन आकडे : दंत-इम्प्लांटच्या ‘यशा’चा इतिहास

१९८१ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गहून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आडेल, लेखोल्म, रॉकलर आणि ब्रोनेमार्क हे त्याचे लेखक. सगळे दात गेलेल्या ३७१ रुग्णांच्या ४१० जबड्यांमध्ये १९६५ ते १९८० या काळात बसवलेल्या २७६८ टायटॅनियम स्क्रूंचा हिशोब त्यात मांडलाय. दंत-इम्प्लांटच्या इतिहासात हा निबंध मैलाचा दगड मानतात आणि त्यातले एका गटाचे आकडे सगळीकडे उद्धृत होतात. पाच ते नऊ वर्षं नजरेखाली असलेल्या त्या गटात वरच्या जबड्यातले ८१ टक्के स्क्रू टिकले. त्याच गटातल्या वरच्या जबड्यांवर बसवलेले ८९ टक्के ब्रिज मात्र टिकले. खालच्या जबड्यात हेच आकडे ९१ आणि १०० आहेत.

तोंडं तीच, वर्षं तीच, तरी आकडे दोन. कारण सोपं आहे. एका जबड्यात पाच-सहा स्क्रू बसवून त्यांच्यावर दातांची पूर्ण रांग, म्हणजे ब्रिज चढवायचे. सहातला एखादा स्क्रू निघाला तरी उरलेल्यांवर ब्रिज उभा राहतो. स्क्रू मोजले की ८१, ब्रिज मोजले की ८९. आणि “मी आता नीट जेवतो” असं किती जण म्हणाले, हे मोजलं तर? तो तिसरा आकडा या तक्त्यात नाही.

पेटची तयारी करताना किंवा सिनॉप्सिस लिहिताना आपण टक्केवारी पटकन उचलतो आणि भागाकाराच्या खाली काय आहे ते बघत नाही. म्हणून आज इम्प्लांटचा इतिहास त्या खालच्या संख्येच्या बाजूने सांगतो. शेवटी तो बीड जिल्ह्यात येऊन पोहोचतो, कारण तिथे माणसं मोजायची एक वेगळीच पद्धत आहे.

आधी इम्प्लांट म्हणजे काय ते थोडक्यात. जबड्याच्या हाडात भूल देऊन छिद्र पाडतात आणि त्यात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवतात. रुग्णाला त्या वेळी दुखत नाही, पण ड्रिलची थरथर डोक्यात जाणवते, दाब जाणवतो. नंतर काही दिवस सूज आणि टाके. मग थांबायचं. ब्रोनेमार्कच्या मूळ पद्धतीत खालच्या जबड्याला तीन ते चार महिने आणि वरच्याला पाच ते सहा महिने लागायचे. तेवढ्या काळात हाड स्क्रूला घट्ट धरतं. त्यानंतर हिरडी पुन्हा थोडी उघडून वर जोड बसवायचा, माप घ्यायचं आणि दात चढवायचा. आता काही रुग्णांमध्ये हा काळ बराच कमी करता येतो. तरीही इम्प्लांट घेणाऱ्या माणसाच्या अनुभवातला मोठा भाग अजूनही वाट बघण्याचाच असतो.

यापूर्वी दात गेल्यावर माणसं काय करत होती? आपल्या भागापुरतं बोलायचं तर बहुतेक जण काहीच करत नव्हते. जुन्या वैद्यकात पडलेल्या दातांची दखल आहे. चरकसंहितेत शरीरातली ३६० हाडं मोजली आहेत, त्यात ३२ दात आणि त्यांची ३२ ‘दंतोलूखलं’ वेगळी धरली आहेत. उलूखल म्हणजे आपलं उखळ. दात ज्या खाचेत बसतो तिला उखळ म्हणणं मला तरी आजच्या पाठ्यपुस्तकातल्या शब्दांपेक्षा चपखल वाटतं. सुश्रुतसंहितेत हललेल्या दाताबद्दल सल्ला आहे. माणूस तरुण असेल आणि दात मोडलेला नसेल तर तो परत दाबून बसवावा, बाहेरून थंड लेप लावावा, कमळाच्या देठाच्या नळीने दूध प्यायला द्यावं. म्हातारपणी हललेल्या दाताच्या मात्र नादी लागू नये. (कृपया यावरून ‘आपल्याकडे इम्प्लांट होतंच’ असा निष्कर्ष काढू नका. स्वतःचा हललेला दात जागेवर दाबणं वेगळं आणि हाडात धातू रुजवणं वेगळं. व्हॉट्सअ‍ॅपवर हा फरक दर आठवड्याला हरवतो.) उपचार करायचा की सोडून द्यायचं, हे ठरवताना रुग्णाचं वय बघितलं जात होतं, ही यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट.

आधुनिक दंतवैद्यकाचा कायदा, डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट, १९४८ च्या मार्चमध्ये झाला. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, भारतात यायला सप्टेंबर उजाडायचा होता. या कायद्यात नोंदणीचे दोन भाग होते. ‘अ’ भाग पदवीधारकांसाठी आणि ‘ब’ भाग पदवी नसलेल्या पण आधीपासून याच धंद्यावर पोट असलेल्यांसाठी. म्हणजे दात काढणारे, दात बसवणारे बिनपदवीचे लोक इतके होते की कायद्याला त्यांच्यासाठी वेगळा रकाना करावा लागला. मराठवाड्यातलं सरकारी दंत महाविद्यालय औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९८२ मध्ये सुरू झालं. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्याच्या आधीचं, १९७४ चं. तोवर गावातला सर्वसाधारण मार्ग म्हणजे दुखला की उपटायचा आणि भाकरी दुधात नाहीतर कालवणात कुस्करून खायची. ज्याला परवडेल त्याने कवळी करायची.

कवळीचा अनुभव घराघरात माहीत आहे. खालची कवळी बोलताना उचलली जाते. तीळ, जवसाच्या चटणीचे कण, पेरूच्या बिया तिच्याखाली गेल्या की जेवण थांबवून तोंड धुवायला उठावं लागतं. पूर्ण कवळीवर चावायची ताकद नैसर्गिक दातांच्या साधारण पाव किंवा त्याहूनही कमी भरते. ताकद कमी पडते म्हणून माणूस मऊ खातो. दात नसलेल्या जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत जातं, म्हणून कवळी आणखी सैल होते. हुरड्याच्या दिवसांत शेतावर जाऊनही नुसते बसून राहणारे म्हातारे प्रत्येकाने पाहिले असतील. ‘कवळी काढून ठेवली’ हे वाक्य आपल्याकडे जेवण झाल्यावर नाही, जेवायला बसताना ऐकू येतं. या उपकरणाच्या यशाबद्दल याहून नेमका शेरा मला कुठल्या जर्नलमध्ये सापडलेला नाही.

आता टायटॅनियमकडे येऊ. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १९५२ साली लुंडमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचा छोटा कक्ष बसवून अस्थिमज्जेतलं रक्ताभिसरण सूक्ष्मदर्शकाने बघत होते. प्रयोग संपल्यावर कक्ष काढायला गेले तर निघेना, हाड त्याला चिकटलं होतं. योगायोगाने शोध! गोष्ट छान आहे, पण संशोधन करणाऱ्याने ती अर्धीच घेऊ नये. १९४० मध्ये बोथ, बीटन आणि डेव्हनपोर्ट यांनी प्राण्यांच्या हाडात वेगवेगळे धातू ठेवून पाहिले होते आणि टायटॅनियमशी हाडाची जवळीक नोंदवली होती. १९५१ मध्ये लेव्हेंथाल यांनी उंदरांच्या हाडातले टायटॅनियमचे स्क्रू दिवसेंदिवस काढायला अवघड होत जातात, असं लिहून ठेवलं होतं. निरीक्षण आधीच छापील होतं. ब्रोनेमार्क यांनी त्यातून उपचाराची पद्धत बांधली आणि मुख्य म्हणजे त्यानंतर वर्षानुवर्षं रुग्णांचा पाठपुरावा केला. माझ्या मते श्रेय द्यायचं तर या चिकाटीला द्यावं.

पहिला रुग्ण १९६५ सालचा, गोस्टा लार्सन. जन्मतः जबड्यात आणि टाळूत दोष, दात नाहीत, वेदना कायमची. वय चौतिशीचं. त्यांच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षं ते स्क्रू कामात होते. हे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. पण ते स्क्रूच्या वयाचा पुरावा म्हणून येतं, चाळीस वर्षं माणूस काय काय खाऊ शकला यासाठी येत नाही.

‘यश’ कशाला म्हणायचं, हा वाद यानंतर पेटला. आणि इथेच इतिहास खरा रंगतो.

१९७८ मध्ये हार्वर्डला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने एक परिषद झाली. तेव्हा अमेरिकेत पात्यासारखे आणि हिरडीखाली हाडावर बसवायचे इम्प्लांट चालत होते, स्वीडनचं काम तिकडे अजून पोहोचलं नव्हतं. त्या परिषदेतले निकष श्निटमन आणि शुलमन यांनी १९७९ मध्ये छापले. इम्प्लांट कुठल्याही दिशेने एक मिलिमीटरपेक्षा कमी हलावं. हाडाची झीज इम्प्लांटच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावी. आणि पाच वर्षांनी ७५ टक्के इम्प्लांट कामात असले म्हणजे यश.

एक मिलिमीटर कागदावर लहान दिसतो. जिभेला मात्र तो फार मोठा असतो. दातात अडकलेला बडीशेपेचा कण जिभेला दिवसभर स्वस्थ बसू देत नाही, तिथे मिलिमीटरभर हलणारा दात म्हणजे काय होत असेल! पण त्या काळी उपलब्ध असलेली इम्प्लांटं हलतच होती, म्हणून निकषात हलण्याला जागा ठेवली गेली. जे मिळतंय त्यालाच यश म्हणायचं, ही सवय फक्त दंतवैद्यकात आहे असं समजू नका.

१९८२ मध्ये जॉर्ज झार्ब यांनी टोरोंटोला परिषद भरवली आणि ब्रोनेमार्क यांचं काम उत्तर अमेरिकेसमोर ठेवलं. चार वर्षांनी, १९८६ मध्ये, आल्ब्रेक्टसन, झार्ब, वर्दिंग्टन आणि एरिकसन यांनी निकष नव्याने लिहिले. आता इम्प्लांट अजिबात हलता कामा नये. पहिल्या वर्षानंतर हाडाची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी हवी. कायमचं दुखणं, संसर्ग, बधिरपणा नको. पाच वर्षांनी ८५ टक्के आणि दहा वर्षांनी ८० टक्के. ७५ चे ८५ झाले ही सुधारणा वाटते, पण खरा बदल व्याख्येतला आहे. १९७९ च्या निकषांवर पास झालेलं इम्प्लांट १९८६ मध्ये नापास होऊ शकतं. म्हणून दोन दशकांतले यशाचे आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडायचे असतील तर आधी दोन्ही निबंधांतली व्याख्या वाचावी. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये सगळ्यात जास्त पाय घसरतो तो इथेच.

१९८६ च्या यादीत रुग्णाचं दुखणं आलं, पण रुग्णाचं मत आलं नाही. ते १९८९ मध्ये आलं. स्मिथ आणि झार्ब यांनी निकषांत भर घातली की दात असा बसवता यावा की त्याचं दिसणं रुग्णाला आणि डॉक्टरला समाधानकारक वाटेल. बघा, या यादीत रुग्णाची पसंती विचारली गेली ती दिसण्याबद्दल. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात, इथे आधी दाखवायच्या दातांचा नंबर लागला.

तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं असं नाही. गोथेनबर्गमध्येच मनोविकारतज्ज्ञ ब्लोमबर्ग आणि दंतवैद्य लिंडक्विस्ट यांनी १९८३ मध्ये दात गेल्याचं आणि हाडात रोवलेल्या ब्रिजचं मनावर काय होतं, यावर निबंध छापला होता. नवे दात आपल्याच शरीराचा भाग वाटतात, असं बऱ्याच रुग्णांनी सांगितलं. तो निबंध मनोविकाराच्या जर्नलमध्ये आला, निकष ठरवणाऱ्यांच्या टेबलावर मात्र स्क्रूचेच तक्ते राहिले. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये फिस्क आणि सहकाऱ्यांनी सगळे दात गेलेल्या ५० जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यात दुःख होतं, जवळचं माणूस गेल्यासारखं. लपवाछपवी होती. लवकर म्हातारं झाल्याची भावना होती. आणि याबद्दल कुणाशी बोलता येत नाही, हेही होतं. दात काढणाऱ्याने याची आधी कल्पनाच दिली नव्हती, अशी तक्रारही होती.

दरम्यान प्रश्नावल्या तयार झाल्या. स्लेड आणि स्पेन्सर यांची ‘ओहिप’ १९९४ मध्ये आली, ४९ प्रश्नांची. १९९७ मध्ये स्लेड यांनी तिची १४ प्रश्नांची छोटी आवृत्ती केली आणि ती जगभर वापरात आली. २००२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या बैठकीने मत दिलं की खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला नुसती कवळी हा पहिला पर्याय समजू नये, दोन इम्प्लांटवर अडकवलेली कवळी हा समजावा. त्यामागे जे पुरावे होते त्यांत रुग्णांची समाधानाची उत्तरं महत्त्वाची होती. स्क्रू टिकला का, इथून माणूस जेवला का, इथपर्यंत यायला जवळपास चार दशकं गेली.

पण इंग्रजी प्रश्नावली आपल्याकडे आणताना एक अडचण येते. ‘खाताना त्रास होतो का’ या प्रश्नाला परळी-केजकडचा माणूस “नाही” म्हणेल, कारण तो भाकरी कुस्करूनच खातो. त्याने त्रास टाळलाय. सकाळची ज्वारीची भाकरी संध्याकाळी न भिजवता, तुकडा मोडून, ठेच्याबरोबर खाता येते का, हा प्रश्न वेगळं उत्तर देईल. ऊस दाताने सोलता येतो का, याचंही उत्तर वेगळं येईल. भाषांतर आणि उलट-भाषांतर करून प्रश्नावली ‘प्रमाणित’ झाली तरी तिच्यात भाकरी आपोआप येत नाही.

शिवाय चावण्यात एक बारीक फरक राहतोच. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो आणि त्यात दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. त्यामुळे दातांना साधारण २० मायक्रॉनची जाडीही कळते. इम्प्लांटला हा थर नसतो, त्याला कळायला ५० मायक्रॉनच्या आसपास जाडी लागते. कवळीपेक्षा हे कितीतरी बरं, पण पिठातली बारीक कचकच उशिरा कळणार. हाडातून येणाऱ्या या जाणिवेला ‘ऑसिओपर्सेप्शन’ असं नाव आहे. डॉक्टर “अगदी स्वतःच्या दातासारखं” म्हणतात, तेव्हा ‘जवळजवळ’ हा शब्द आपण मनात घालून घ्यावा.

आता बीड. इथे दोन गोष्टी हिशोब बदलतात.

पहिली तंबाखू. १९९३ मध्ये बेन आणि मॉय यांनी ५४० रुग्णांच्या २१९४ इम्प्लांटचा अभ्यास छापला. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये ११.२८ टक्के इम्प्लांट अयशस्वी, न करणाऱ्यांमध्ये ४.७६ टक्के. तेव्हापासून “सिगारेट ओढता का?” हा प्रश्न प्रत्येक केसपेपरवर आहे. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते आणि २४.४ टक्के बिनधुराचा तंबाखू वापरणारे. आपल्याकडे तंबाखू चुन्यात मळून दाढेजवळ धरतात, आणि बायका मशेरी हिरडीला घासतात. म्हणजे इम्प्लांट जिथे बसणार त्याच जागेवर. मशेरी लावणारी बाई “ओढता का?” या प्रश्नाला खरं उत्तर देते, “नाही”. आणि तिची नोंद धोका नसलेल्या गटात होते.

दुसरी गोष्ट ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल कोयत्यावर मिळते. एकटा माणूस अर्धा कोयता. एक दिवस चुकला तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. म्हणजे मोजायचं एकक इथे जोडपं आहे, जसं गोथेनबर्गच्या एका तक्त्यात स्क्रू होता आणि दुसऱ्यात ब्रिज. आणि कोयता पूर्ण भरला की त्यातल्या एकीची दाढ ठणकतेय, हे वहीत दिसत नाही. या जगात रूट कॅनलच्या तीन-चार फेऱ्या परवडत नाहीत, एका फेरीत दाढ काढून मोकळं होणं परवडतं. शरीराचे निर्णय हंगाम ठरवतो हे बीडमध्ये नवं नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्या चर्चेतही खाडा पुन्हा पुन्हा आला. दातांसाठी अशी समिती कुणी नेमणार नाही. पण चाळिशीत दाढा गेलेली माणसं त्याच टोळीत असतात.

एका इम्प्लांटचा खर्च हजारांच्या घरात जातो, त्यामुळे आज यातले फार थोडे तिथपर्यंत पोहोचतात. उद्या एखादी योजना आली, किंवा एखाद्या दंत महाविद्यालयाने अभ्यासासाठी सवलतीत इम्प्लांट बसवले, तर काय होईल? एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया, ऑगस्टमध्ये दात, हे वेळापत्रक ऊसतोडीच्या वर्षात व्यवस्थित बसतं. गंमत म्हणजे ब्रोनेमार्कची जुनी, सावकाश पद्धत इथे अडचण करत नाही. अडचण पुढच्या तपासणीत आहे. ऑगस्टपासून सहा महिने मोजले की फेब्रुवारी येतो, आणि फेब्रुवारीत माणूस फडात असतो.

अशा रुग्णाचं काय करायचं याचं उत्तर १९९३ मध्ये आल्ब्रेक्टसन आणि झार्ब यांनी सुचवलं होतं. प्रत्येक अभ्यासाने चार रकान्यांचा तक्ता द्यावा : यशस्वी, नुसतं टिकलेलं, पत्ता न लागलेलं आणि अयशस्वी. तिसऱ्या रकान्यात जे रुग्ण परत आलेच नाहीत ते सगळे. बऱ्याच निबंधांत हा रकाना गुपचूप भागाकारातून वगळला जातो आणि टक्केवारी फुगते. समजा शंभर इम्प्लांट बसवले, साठ तपासणीला आले, त्यातले सत्तावन्न ठीक निघाले. साठावर काढा, ९५ टक्के. शंभरावर काढा, ५७. दोन्ही आकडे खरे, फक्त चाळीस तोंडांचं काय झालं ते दोन्हींत नाही. ती चाळीस तोंडं बहुधा कुठल्या तरी कारखान्याच्या गट्टीवर, पाचटाच्या खोपीत असतील आणि त्यांचा नंबर मुकादमाकडे असेल.

बीडमधून कुणी या विषयावर प्रस्ताव लिहीत असेल तर माझी सूचना एवढीच : तपासणीच्या तारखा ‘सहा महिने, बारा महिने’ अशा लिहू नका. पहिली पोळ्याच्या आसपास ठेवा, दुसरी पाडव्यानंतर. आणि एथिक्स कमिटीने विचारलं की हे अंतर असमान का, तर कारखान्याच्या गाळपाच्या तारखा जोडा.